कॅमेरा वाकडाच होता, भाई

रऊफभाई, आधी तुमचं नाव. नाशिकमध्ये मला माणसांत आणलं ते तुम्ही. आठवीतून शाळा सोडलेल्या, नांदेडातल्या किनवटकडून आलेल्या, शिडी बघूनच घाम फुटणाऱ्या माणसाच्या खांद्यावरचं वायरचं बंडल उतरवून त्याच्या हातात पाना दिला, तो तुम्ही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे मी तुमच्यावर चिडणार आहे, आणि चिडण्याच्या भरात हे राहून गेलं तर बरं दिसणार नाही.

आता सांगा, वाद अर्धा टाकून निघून जायची ही कुठली रीत?

शेवटचा फोन आठवा. मी ऑफिसच्या जिन्यात उभा, तुम्ही मालेगावला घरी. मी म्हणालो, "भाई, पाड्याची डिश चुकीच्या बाजूला बघतीय. मला परत एकदा कॅमेरा लावून बघू द्या."

"फिर कॅमेरा! लग्न आहे का तिथं? डिशचे फोटो काढून तिला स्थळं दाखवायची आहेत?"

"भाई, मस्करी नको. दुपारी रोज लाइन तुटतीय. लोक मला शिव्या घालतात."

"तुला घालतात म्हणजे मलाच घालतात. उद्या बोलू. जेवला का? आधी जेव. आणि आईला फोन कर." असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

दुसऱ्या दिवशी तुमच्या नंबरवरून फोन आला. मी उचलल्या उचलल्या सुरू झालो, "भाई, काल तुम्ही फोन ठेवला म्हणून मी माघार घेतली असं समजू नका."  पलीकडून तुमच्या लेकीचा, रेहानाचा आवाज आला. तिला वाक्य पुरं करता आलं नाही, आणि मलाही ते पुरं ऐकता आलं नाही. तुमच्या घरच्यांशी मी बोललेलं पहिलं वाक्य भांडणाचं निघालं, याचा राग मला अजून येतो. माझा येतो, तुमचाही येतो.

अजून तुमचा चाळिसावा झालेला नाही. मातीला आलो तेव्हा मी मागे उभा होतो. पुढे यायला कुणी अडवलं नव्हतं. मला आपली सवयच, की तुम्ही एका टोकाला असणार आणि मी दुसऱ्या.

हे बोलतोय तुमच्याशी, पण वाचणाऱ्यांना आपलं काम ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. जिथं जमिनीतून केबल पोचत नाही तिथं आम्ही हवेतून इंटरनेट नेतो. एका गावात गच्चीवर एक डिश, दूरच्या गावात टेकडीवर दुसरी. दोघींनी एकमेकींकडे सरळ बघायचं, नजर ढळली की बोलणं तुटलं. पण समोरची डिश डोळ्यांना दिसत नाही. मध्ये मैलोन्मैल कांदा, द्राक्षं, डोंगर. म्हणून मोबाइलवर सिग्नलचा आकडा बघत डिश कणाकणाने फिरवायची. चढला तर बरोबर, पडला तर चूक. या कामाला दोन माणसं लागतात, दोन टोकांना, आणि फोन चालू ठेवायचा.

त्यामुळे गंमत बघा भाई, इतकी वर्षं सोबत काम केलं, पण तुमच्या तोंडापेक्षा तुमचा आवाज मला जास्त ओळखीचा.

"सरक... सरक... अरे सरक म्हणालो, उडी मार नाही म्हणालो! गेलं. परत ये. हां... हां... बस! हात काढ. श्वास पण घेऊ नको."

"भाई, श्वास तर घ्यावाच लागेल."

"मग त्या बाजूला तोंड करून घे."

माझं नाव तुम्ही कधी घेतलं नाही. "ए नांदेड" म्हणायचात. आधी मला वाटायचं, हा माणूस आपल्याला परका म्हणतोय. मग एकदा चांदवडच्या टपरीवर तुम्ही कुणाला तरी सांगताना ऐकलं, "मेरा नांदेड वर चढलाय, त्याचा चहा झाकून ठेव." त्या दिवसापासून मला माझ्या नावाची आठवण आली नाही.

मी घाबरायचो. खांबावर चढलो की पट्ट्याची कडी लागली का ते परत परत चाचपायचो, आणि ते तुम्हाला त्या टोकाला ऐकू जायचं, टक, टक. बाकीचे हसायचे. तुम्ही म्हणायचात, "घाबर, घाबर. न घाबरणारा माणूस मला त्या टोकाला नकोच. तो पडला तर मी फोनवर काय करणार?" आणि मी खाली उतरून "आलो" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. कधी मधेच गाणं म्हणायचात, बेसूर. मी लवकर उतरावं म्हणूनच ते गाणं असावं.

तुमचे नियम होते. पहिला आरशाचा. गाडीचे दोन्ही आरसे काढून एक तुमच्या पिशवीत, एक माझ्या. समोरचं टोक कुठल्या डोंगराच्या कुठल्या उतारावर आहे ते कळेना, की उन्हात आरसा चमकवायचा. एवढ्या लांबूनसुद्धा ठिणगी उडाल्यासारखं दिसायचं. पोलिसाने अडवलं, "गाडीला आरसा का नाही?" तुम्ही पिशवीतून काढून दाखवलात, "आहे ना साहेब. फक्त गाडीला नाही."

दुसरा नियम लाल रेषेचा. डिश पक्की झाली की नटावरून आणि पट्टीवरून भाभींच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. पुढे कधी नट जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. भाभी विचारायच्या म्हणे, बाटली संपते कशी?

तिसरा, पहिल्या कॉलचा. नवीन लाइन चालू झाली की त्यावरून पहिला कॉल घरी. लांबच्या टोकाला जो असेल त्याच्या घरी. म्हणजे बहुतेक वेळा किनवटला, माझ्या आईला. माझी आई नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत सगळ्यात आधी बोललेली बाई आहे.

आणि सगळ्यात मोठा नियम, डोंगर ओलांडायचा. डिशच्या मुख्य झोताच्या शेजारी छोटे, खोटे झोत असतात. फिरवता फिरवता आकडा थोडा चढतो आणि नवख्याला वाटतं, मिळालं! तो तिथंच नट आवळतो. लाइन चालते, पण जेमतेम, आणि ऊन-वारा वाढला की मान टाकते. तुम्ही मला पहिल्याच दिवसांत बजावलंत, "चढला ना डोंगर? आता पलीकडे उतर. पुरता उतर, तळापर्यंत. पुढे याच्यापेक्षा मोठा डोंगर नाही ना, ते बघ. दोन्ही अंगांनी. मग परत येऊन बस." किती कंटाळा यायचा त्याचा! बोटं सुजलेली, उन्हाने डोकं तापलेलं, आकडा चांगला दिसतोय, आणि तुम्ही म्हणताय, सोड तो, खाली जा.

आता पाड्याचं. सुरगाण्याच्या बाजूला डोंगरात तो पाडा. तिथं बचत गटाचं रेशनचं दुकान यमुनाताई चालवतात. रेशनला अंगठा लागतो, अंगठ्याच्या मशीनला नेट लागतं, आणि नेट मिळायचं फक्त वरच्या खडकावर, तेही एक काडी. म्हणून महिनाभराचं धान्य घ्यायला सगळ्या पाड्याने खडक चढायचा. म्हाताऱ्यांना पाठुंगळी न्यायचं, अंगठा लावायचा, खाली आणायचं. तुम्ही ते एकदा बघितलंत आणि यमुनाताईंच्या ओट्यावर बसून नागलीची भाकरी खाता खाता बोलून गेलात, "ताई, हे खडक चढणं मी बंद करतो." साहेबांना विचारलं नाही, कुणाला नाही. जबान देऊन मोकळे.

चांदवडहून वणी, वणीहून पाडा, अशी लाइन ठरली. वणीच्या गच्चीवर एकाच खांबाला दोन डिश, एकाच मापाच्या. एक पूर्वेला चांदवडकडे, ती तुम्ही फार पूर्वी लावलेली, कधी कुरकूर नाही. दुसरी पश्चिमेला, पाड्याकडे. ती लावायच्या दिवशी तुम्ही वणीला होतात आणि मी पाड्याच्या टेकडीवरच्या खांबावर. निम्मं काम झालं आणि कोकणाकडून काळं भरून आलं. वारा असा सुटला की खांबच डोलायला लागला. मी कडी चाचपत होतो, टक, टक, टक. तोंडाने "ठीक आहे भाई, ठीक आहे" म्हणत होतो. तेवढ्यात आकडा चढला आणि तुम्ही म्हणालात, "बस. मिल गया. उतर खाली."

मी उतरलो. लाइन चालू झाली, आईला फोन लागला. आई म्हणाली, "किती वारा वाजतोय रे तिकडं." यमुनाताईंनी सगळ्यांना गूळ वाटला.

आणि मग रोज दुपारी लाइन तुटायला लागली. सकाळी चालायची. पण सकाळी पाड्यातले लोक कामाला गेलेले. दुपारी बाया रानातून आल्या की मशीन फिरत बसायचं. पुन्हा खडक. मी म्हणालो, डिश चुकलीय. तुम्ही म्हणालात, केबल तापते. केबल बदलली. तुम्ही म्हणालात, झाड आहे मध्ये. झाड नव्हतं. मी एक जुना मोबाइल वणीच्या त्या डिशच्या मागच्या पट्टीला पकडीने आवळला, डिश जिकडे बघते तिकडेच त्याचा कॅमेरा. पाड्यावर ठेवून आलेला माझा आरसा यमुनाताईंना तिकडून दाखवायला लावला. फोटोत ठिणगी मध्यावर नाही, बरीच उजवीकडे! मी नाचतच फोटो तुम्हाला पाठवला.

तुम्ही काय म्हणालात? "तुझा कॅमेरा डिशवर सरळ बसलाय, हे कुणी सांगितलं? कॅमेरा वाकडा असेल तर? ते बघायला त्याच्यावर दुसरा कॅमेरा लावणार? त्याच्यावर तिसरा?"

 बरोबर होतं तुमचं. पकड मी हाताने ठोकून केलेली, डोळ्याने बसवलेली. पण उत्तर नाही म्हणून प्रश्न खोटा होतो का? एवढंच मला म्हणायचं होतं. तुम्ही म्हणू दिलं नाहीत. तुम्ही फोन ठेवलात, आणि मग गेलात.

तुम्ही गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "ती पाड्याची लाइन बंद करू. शनिवारी दोन्हीकडची डिश उतरव. दिंडोरीला द्राक्षवाल्याच्या बागेत लागणार आहे, तो वाट बघतोय."

मी म्हणालो, "साहेब, भाईंनी शब्द दिला होता तिथं."

"मग भाईंनी चालवून दाखवायची होती ना."

 मला बोलता येत नाही अशा वेळी. मान आपोआप हलते. जिन्यात येऊन मी तुम्हालाच शिव्या घातल्या. माणूस जातो तर निदान आपलं काम सरळ करून तरी जातो, नाही?

तुमच्या घरी आलो तेव्हा रेहानाने पिशवी आणून दिली. "अब्बूंची. ऑफिसची असेल ना?" पाने, टेप, नेलपॉलिशची बाटली, आरसा. आरसा हातात घेतला आणि मला एकदम उत्तर सुचलं भाई. तुमच्याच ओसरीवर, तुमच्याच प्रश्नाचं. मी मोठ्यानेच म्हणालो, "वाकडा असू दे की!"

रेहाना दचकली. "काय?"

मी तिला सांगितलं. वणीच्या गच्चीवरची चांदवडकडची डिश सरळ बघते, हे सगळ्यांना मान्य. मग कॅमेरा आधी तिला लावायचा. चांदवडहून कुणीतरी आरसा चमकवायचा. ठिणगी पडद्यावर जिथं दिसेल तिथं ठिपका काढायचा. मध्यावर असो, कोपऱ्यात असो. तोच कॅमेरा, तीच पकड, मग शेजारच्या, पाड्याकडच्या डिशला त्याच जागी लावायची. ठिणगी ठिपक्यात आली तर डिश बरोबर. नाही आली तर चूक. कॅमेरा वाकडा आहेच, पण किती वाकडा ते आता ठाऊक आहे.

रेहानाने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे हुबेहूब तुमचे, ऐकताना बारीक होतात. म्हणाली, "म्हणजे तुम्ही अब्बूंना हरवायला निघालात."

"हो."

"गेलेल्या माणसाशी भांडतं का कुणी?"

"त्यांनीच अर्धं सोडलंय. मी काय करू?"

ती आत गेली, भाभींशी काही बोलली, बाहेर आली. "चांदवडला आरसा मी धरते. पण अब्बू बरोबर निघाले तर तुम्ही इथं येऊन सगळ्यांसमोर कबूल करायचं."

मी वणीला गेलो ते शनिवारच्या दोन दिवस आधी, कागदोपत्री डिश उतरवायची तयारी करायला. संध्याकाळचं ऊन चांदवडच्या डोंगरांवर पडलं होतं. खाली गडावर जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे, देवीची गाणी, आणि मी गच्चीवर त्या पकडीशी झटत होतो. नट घसरत होता. उन्हात पडदा दिसेना म्हणून डोक्यावरून शर्ट ओढून घेतला. मोबाइल तापून आपोआप बंद झाला. परत लावला. परत बंद. मी रडकुंडीला आलो. फोनवर रेहाना म्हणत होती, "दिसतंय का? हात दुखतोय माझा. इथं कांद्याच्या गाडीवरचे सगळे लोक बघतायत, ही बाई आकाशाला आरसा का दाखवतेय म्हणून."

आणि मग दिसली. बारीक, पांढरी, थरथरती. डोंगराच्या पायाशी. पडद्याच्या मध्यावर नव्हती, चांगली खाली डावीकडे होती. म्हणजे तुमचं म्हणणं खरं, कॅमेरा वाकडाच होता भाई. भाभींच्या नेलपॉलिशने मी तिथं ठिपका दिला. घाईत ठिपक्याचा वाटाणा झाला.

सकाळी त्याच गच्चीवर पाड्याकडची डिश. यमुनाताई माझा आरसा घेऊन टेकडीवर चढल्या, खडकाजवळ, एका काडीच्या रेंजमध्ये. "भाऊ, कुठं दाखवू? भाई कुठं हायेत?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मला सांगावं लागलं. ताईंनी परत विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "बरं. दाखवते. तुमी बघा."

ठिणगी आली. ठिपक्यात नव्हती. ठिपक्याच्या उजवीकडे, बोटभर लांब.

मी जिंकलो होतो. मला वाटलं होतं, या क्षणी मी ओरडेन. फोन कानालाच होता, पण त्या टोकाला तुम्ही नव्हतात. कुणाला म्हणू, "बघा, सांगत होतो ना"? एवढा राग मला कधी आला नाही. हरलेला माणूसच जागेवर नसेल तर जिंकून करायचं काय?

पाना लावला. नटावर तुमची लाल रेघ होती. माझी बोटं तिथंच थांबली.

रेघ अखंड होती. कुठं तडा नाही, कुठं सरकलेली नाही. म्हणजे डिश वाऱ्याने फिरली नव्हती, कुणी हलवली नव्हती. पहिल्या दिवसापासून ती तिथंच बघत होती. तुम्ही ती तिथंच आवळली होती. तुम्ही, डोंगर ओलांडल्याशिवाय कधी नट न आवळणारे.

मग मला तो दिवस आठवला. काळं भरून आलेलं, डोलणारा खांब, माझी टक, टक, टक. "बस. मिल गया. उतर खाली."

पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मी नट सैल केला, रेघ तुटली, आणि डिश उजवीकडे सरकवू लागलो. आकडा पडायला लागला. पडला, अजून पडला. यमुनाताई ओरडल्या, "भाऊ, गेलं ना समदं! खालून दुकानातली बाई हाका मारतीय, होतं ते बी गेलं म्हनून!" मधेच साहेबांचा फोन वाजायला लागला. मी तो तोडला.  आपण ठरवलेलं चुकीचं असेल तर? भाईंनी जेवढं जोडून ठेवलं होतं तेवढंही मी तोडलं तर? शनिवारी उतरवायचीच आहे, पण तोवर निदान सकाळी तरी चालत होती! परत फिरावं, जुन्या जागेवर आणावी, रेघ जुळवावी आणि खाली उतरावं. सगळं अंग तेच सांगत होतं.

तळाला आकडाच दिसेना. पडदा कोरा. फक्त कॅमेऱ्यात ती ठिणगी ठिपक्याकडे सरकत होती. "ताई, आरसा हलवू नका. तसाच धरा. मी आहे." हे मी म्हणालो भाई. माझ्याच तोंडून तुमची चाल ऐकू आली.

तळापर्यंत उतर. पुरता उतर.

ठिणगी ठिपक्याला टेकली आणि आकडा परत जन्मला. चढला. पहिल्या डोंगराएवढा झाला, आणि थांबलाच नाही. पाड्याच्या लाइनवर एवढा आकडा मी कधी बघितला नव्हता. मी तसाच पुढे गेलो, पलीकडे उतरलो, वर केली, खाली केली, चारी अंगांनी बघून परत येऊन बसलो. यावेळी काही सोडलं नाही. आवळलं आणि नवीन रेघ ओढली.

"ताई, खाली हाक मारून विचारा, मशीन चालतंय का."

"फिरतंय... फिरतंय... आलं! अंगठा घेतला भाऊ! म्हातारीचा घेतला!" मागे गलका ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "आता पैला फोन घरी ना? भाई सांगायचे. पन आमी तर घरीच हाव. तुमी करा."

दुपारपर्यंत मी गच्चीवरून हललो नाही. ऊन चढलं, वारा आला, लाइन तुटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेबांना सगळे आकडे पाठवले. त्यांनी बराच वेळ घेतला, मग फोन केला. "राहू दे तिकडची. दिंडोरीला दुसरी बघू. काय झालं होतं तिला?"

"वाऱ्याने हलली होती साहेब," मी म्हणालो.

आता माझा खरा प्रश्न. तुम्हाला ठाऊक होतं का? त्या दिवशी खोट्या डोंगरावर थांबलात ते मला वाऱ्यातून खाली आणायला, हे तर मला कळलं. पण नंतर? केबल, झाड, ऊन, जगातलं सगळं तुम्ही पुढे केलंत, फक्त डिश फिरवून बघू म्हणाला नाहीत. कॅमेऱ्याला एवढे का भ्यालात? तो तुमची चूक दाखवेल म्हणून? का चूक दिसली की मी कारण शोधेन, आणि कारण मी निघेन म्हणून? की असलं काही नव्हतंच, नुसता तुमचा हेका? तुम्ही असता तर मी सरळ विचारलं असतं. तुम्ही म्हणाला असता, "आधी जेव." तेवढंसुद्धा आता कुणी म्हणणार नाही, याने जीव जळतो.

पहिला कॉल मी पाड्यातून करायला लावला नाही, स्वतः केला. तुमच्या घरी. रेहानाने फोन आत, पडद्याआड भाभींकडे नेला. भाभींचा आवाज आला, थकलेला. "हुआ काम?"

"हो भाभी. चालू झाली."

"झगड्यात कोण जिंकलं मग?"

रेहाना तिथंच होती. आदल्या संध्याकाळच्या ठिपक्याचं तिला सगळं माहीत होतं. सकाळचं मी अजून सांगितलं नव्हतं.

"भाई," मी म्हणालो. "कॅमेरा वाकडा आहे म्हणाले होते. वाकडाच निघाला."

भाभी हसल्या. किती दिवसांनी, कोण जाणे. मग म्हणाल्या, "जेवला का?"

रेहाना, हे भाभींना वाचून दाखवशील तेव्हा मधला नटाचा भाग गाळ, भाईंची चूक त्यांच्या कानी नको. साहेबांच्या हाती पडलं तर पडू दे.

भाई, त्या वाऱ्यात तुम्ही माझ्यासाठी अर्धा डोंगर सोडून दिलात. तेवढं देणं माझ्याकडे आहे. आपण दोघांनी लावलेल्या डिश या जिल्ह्यात किती गच्च्यांवर, किती टेकड्यांवर आहेत, आणि त्यातल्या कितींच्या वेळी त्या टोकाला माझी कडी वाजत होती म्हणून तुम्ही खोट्या डोंगरावरच थांबला असाल, ते मला आता आठवायचंय. तो ठिपक्याचा मोबाइल मी पिशवीत ठेवलाय, तुमच्या आरशाशेजारी. एकेका टोकाला जाईन, वेळ लागेल, भीतीही वाटेल, कडी चाचपतच चढेन. पण तुमच्या हातची एकही डिश भलतीकडे बघत राहू देणार नाही. आणि कुणी विचारलं, तर सगळीकडे वाराच होता म्हणून सांगेन.